नाबाद तेवीस

शुक्रवारी पहाटे साडेपाचला
वादी कबीरच्या कोरड्या पात्रात
आम्ही दगड वेचतो.
आधी नारळाएवढे, मग मुठीएवढे,
मग चेंडूला उगाच उसळायला लावणारे चहाटळ खडे.
पिच बावीस पावलांचं, तीही इश्फाकची.
उंटासारखा उंच माणूस;
त्यामुळे आमचं पिच
नियमापेक्षा चांगलं हातभर लांब.

मी खेळत नाही.
सोहारला परांचीवरून पडलो, उजवा गुडघा गेला.
त्याआधी चिपळुणात चढाईला जायचो.
दुसऱ्याच्या अंगणात दम कोंडून शिरायचं,
कुणाला तरी हात लावायचा,
आणि आपली रेषा शिवायची.
आता गोदामात बोल्ट मोजतो, शुक्रवारी धावा.

वही म्हणजे जुन्या चलनांची कोरी पाठ.
नावं देवनागरीत लिहितो.
एका बिलालशिवाय कुणाला वाचता येत नाहीत,
म्हणून भांडणंही कमी.
इश्फाक, सियालकोट. शोफिकुल, नोआखाली.
साजीव, मूळचा फुटबॉलवाला,
चेंडू पायानंच अडवतो, वर विचारतो, अडला ना?
बिलाल मुकादम, दापोली,
कॅच सुटला की आधी आपल्या बोलीत शिवी,
मग सगळ्यांसाठी हिंदीत.
आणि नुवान. मातारा. डावखुरा.
बेकरीतली रात्रपाळी संपवून थेट यायचा,
कोपरापर्यंतच्या लवेवर मैदा तसाच.
त्याचा कट...
भट्टीतून पाव ओढताना मनगट वळतं ना, तेवढंच वळायचं,
चेंडू डोंगराला लागून परत येईपर्यंत
बॉलर अपील करायच्या तयारीत.

त्या शुक्रवारी हमरियाच्या टायरवाल्यांशी फायनल.
बारा चेंडू, एकोणीस धावा. नुवान बारावर.
तेवढ्यात पांढरी पिकअप
थेट मिडविकेटपर्यंत आली.
कंपनीचा मंदूब उतरला, हातात पासपोर्ट.
व्हिसा रद्द. विमान अकराचं.
नुवानला बुधवारपासून ठाऊक होतं.
आम्हाला तो काही बोलला नव्हता.
ओव्हर होऊ द्या, म्हणाला.
मंदूबानं घड्याळ पाहिलं,
आणि का कोण जाणे, इंजिन बंद केलं.

कोरा. दोन. चार.
कोरा, पण काय सुंदर सोडला!
चार, थेट शेळ्यांमध्ये.
शेवटच्या चेंडूवर ढकलून एक,
धावून, बॅट नीट टेकवून.
म्हणजे पुढच्या ओव्हरला स्ट्राइक त्याचीच.
सवय, दुसरं काय.

मग शोफिकुलला बॅट दिली.
एक ग्लव्ह काढला, दुसरा हातात तसाच गेला.
मंदूबानं दार धरून ठेवलं होतं.
पिकअप वळली तेव्हा फील्डर हलले, वाट दिली,
आणि पुन्हा आपापल्या जागी उभे राहिले.
आठ हव्या होत्या. तीनने हरलो.

दुपारी खोलीत वही उघडली.
बाद कसा, त्या रकान्यात काय भरू?
निवृत्त लिहावं, तर पोरगा सव्वीसचा.
जखमी लिहावं, तर रक्त कुठंय.
साजीव म्हणाला, रेड कार्ड लिही.
कुणी हसलं नाही, तोसुद्धा.
बिलाल म्हणाला, रिकामं ठेव, कोण तपासतंय?
पण मी चलनातला एक बोल्टसुद्धा
हिशेबाबाहेर ठेवत नाही.

रात्री गुडघ्याला तेल चोळताना आठवलं,
मास्तर मैदानाच्या कडेनं ओरडायचे,
अरे, परत आलास तर खेळात आहेस!

उठलो. दिवा लावला. लिहिलं:
नुवान, नाबाद तेवीस.

माझं विचाराल तर अकरा वर्षं झाली.
दम आहे अजून.

शुक्रवारी पुन्हा दगड वेचले.
यंदा वादीला पूर आला होता,
नवेच दगड आणून टाकलेत.