महिरपी कंसातली चूक

वसमतच्या मोंढ्याकडं तोंड करून बसते मी,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
खिडकीच्या गजांवर पिवळी पूड,
की-बोर्डाच्या फटींतही.
हळदीचंच दुकान आहे हे, पण तराजू नाही.
आहे तो एक फॉर्म :
नाव, आडनाव, गाव, पिनकोड, मोबाइल,
आणि खाली हिरवं बटण.

पहिल्या वर्षी चुका मी सगळ्या वर लावायचे,
फॉर्मच्या डोक्यावर, लाल चौकटीत, एकीखाली एक.
टेम्प्लेटमध्ये एवढंच लिहिलं की भागायचं :
दोन महिरपी कंस, मध्ये 'फॉर्मच्या चुका', पुन्हा दोन कंस.
देव्हाऱ्याला असते तसली महिरप,
आत मूर्तीच्या जागी चूक.

"ताई, लाल यायलंय."
"काय लिहिलंय?"
"लई लिहिलंय. माझं काय चुकायलंय समजंना."

हिमायतनगरहून पंचफुलाबाई.
भाचीच्या हळदीला दोन किलो हळकुंडं,
शुक्रवारच्या आत.
चारदा बटण दाबलं म्हणाली,
चारदा पान उडी मारून वर गेलं
आणि भरलेलं सगळं पुसलं.
"शाळंत असंच व्हतं. गुरुजी पाटीवर फुली मारायचे
अन् फुडं जायचे. फुली कशाची, ते नाही."

दुपारी चहाला खाली उतरले.
रेवणअप्पा मापाडी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात,
तळातलं एक हळकुंड काढतात,
कानाजवळ नेऊन मोडतात.
'माल खराब' असं म्हणत नाहीत कधी.
मोडलेलं टोक पुढं करतात :
"हितं. हितं ओल राहिली."
माल आणणारा वाकून बघतो.
मग भांडतो, पण त्या टोकाशी भांडतो.

चहा तसाच ठेवून वर आले.
वरची चौकट काढून टाकली.
प्रत्येक रकान्याखाली एक छोटी महिरप,
महिरपीत टक्का, टक्क्यापुढं 'जर चूक असेल तर',
आणि असेल तरच, तिथल्या तिथं, एक ओळ.
'अवैध' हा शब्द खोडला.
अवैध वाळू असते, दारू असते,
पिनकोड कसला अवैध?
लिहिलं : सहा आकडे लागतात, पाचच आलेत.
आणि जे बरोबर भरलंय
ते पुसायचं नाही, असं मशीनला बजावलं.

"आता बगा."
पिनकोड झाला. मोबाइलमागचं शून्य गेलं.
एक ओळ तेवढी राहिली :
आडनाव आवश्यक आहे.

फोनवर बराच वेळ नुसता पंखा वाजला.
"कोन्तं टाकू ताई?
बापाचं टाकलं तर भाऊ इचारंल कामून म्हणून.
त्याचं टाकावं, तर त्यानं सोडून बारा वर्सं झाले."

लाल ओळ अगदी जागेवर होती,
आडनावाच्या खाली, नेमकी,
आणि चूक तिथं नव्हतीच.
चूक होती दोन फायली पलीकडं, माझ्या हातची :
आवश्यक, बरोबर, होय.
कुठून तरी उचलून चिकटवलेलं,
मी स्वतःला कधी न विचारलेलं.
'होय'चं 'नाही' केलं.
एवढंच. तीन मिनिटं गेली त्यात,
त्यातली दोन नुसती बघण्यात.

ऑर्डर आली.

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर मी फार शहाणी ठरेन.
रिकामा रकाना मशीन रिकामा ठेवत नाही,
'नन' म्हणतं.
पाकिटावर छापलं : पंचफुलाबाई नन.
गुरुवारी कुरिअरच्या पोराचा फोन,
"मॅडम, ह्या नन बाई कुठं राहायल्यात?"

माफी मागायला तिला लावला.
"नन म्हंजे?"
"म्हणजे... काहीच नाही, असं."
हसली. मग थांबली, मग पुन्हा हसली.
"ऱ्हाऊ द्या की मग. बराबर हाय."

आणि ठेवता ठेवता,
"एक मोडून बगितलं ताई, कानापाशी धरून.
वाजलं."