जिन्यातली मुलगी

रोवेना, तू जन्मलीस एका गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला,
रेल्वेचं फाटक पडलं म्हणून अडकलेल्या अँब्युलन्समध्ये.
मी जन्मले त्याच आठवड्यात, ग्रिम्स्बीच्या इस्पितळात.
माझ्या वेळी फाटकबिटक काही आडवं आलं नाही.
आई सांगायची, वॉर्डातल्या झाडून साऱ्या बाया
टीव्हीपुढे बसून तुझ्यासाठी रडल्या.
मीही रडत होते. पण माझं काय, मी जवळच होते.

आपण एकदमच रांगायला लागलो. तुझे दात, माझे दात.
सहाव्या वर्षी तुला पाठवलं अ‍ॅबरडीनच्या मावशीकडे
आणि सुट्टी संपून परतलीस ती चौदाची होऊन.
घारे डोळे काळे झालेले, हनुवटीला नवीच खळी.
ही कोण, असं कुणी विचारलं नाही.
तुझा बाप म्हणाला, "उंच झालीस गं,"
आणि चहाची किटली चढवली.
मी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी राहिले,
आईला म्हटलं, मोज.
अर्धा इंच.

मग काय काय नाही गुजरलं तुझ्यावर!
लाँड्रीला आग लागली तेव्हा तू आत.
खंडणीखोर निघाला तो सख्खा मामाच.
कालव्यातून तुला दोनदा बाहेर काढलं,
एकदा तर ऐन नाताळात,
कारण नाताळात कुणीतरी बुडावंच लागतं.
आणि सोमवारी पुन्हा गणवेशाला इस्त्री, केसांना लाल रिबन.
मला यातलं काहीच झालं नाही.
शनिवारी मासळीच्या कारखान्यात जायचे,
हॅडॉकचे काटे चिमट्यानं उपसायचे;
बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी.
घरी येऊन काही सांगायला लागले
की आई म्हणायची, श्शू. रोवेना बोलतेय.

चौदाची सोळा व्हायला तुला दहा वर्षं लागली.
तेवढ्यात मी मागून येऊन तुला गाठलं,
पुढे गेले, आणि वळून पाहिलं तर
तू एवढीशी दिसलीस.
पातळ कोट, तोही सदा उघडाच. कुणी बटणं लावत नव्हतं.
तुमच्या घरी कुणाचा घास कधी पूर्ण होत नाही, रोवेना,
तोंडाशी नेला की दारावर थाप.
त्या वर्षी मी पहिल्यांदा पडद्यावर ओरडले:
अरे, तिला आधी जेवू द्या!

आणि एका मंगळवारी बापानं विचारलं, इतिहासाचा अभ्यास झाला?
तू टोस्ट दातांत धरून जिना चढलीस.
वर दार लागलं.
झालं. ना आग, ना कालवा, ना बॅग भरणं.
पुढच्या आठवड्यात टेबलाशी एक खुर्ची कमी होती
आणि लोक पोस्टमनच्या लग्नाबद्दल बोलत होते.

आईच्या डोक्यातून आता पुष्कळ माणसं उतरलीत.
बाबा गेले, शेजारच्या विनिफ्रेडबाई गेल्या.
मला ती कधी नर्स समजते, कधी गॅसवाली.
पण साडेसात वाजले की मान वर करते:
ती आली का खाली?
अभ्यास करतेय, मी सांगते.
मोठा धडा दिसतोय, आई म्हणते.

मार्चमध्ये लोकांना पाहायला तुमचा स्टुडिओ उघडला.
नऊ पौंडांचं तिकीट. जिन्याला दोरी बांधलेली;
गाइडची पाठ वळली तशी मी ओलांडली.
सात पायऱ्या. आठवीच्या जागी फळी,
फळीवर घडीची खुर्ची, एक पालथा मग.
खोली नाहीच. नुसतं दार, पलीकडे वायरी.
पण दाराच्या मागच्या बाजूला, कच्च्या लाकडावर,
पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार.
कुण्या सुताराच्या हातच्या असतील, जाड टोकाच्या,
अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या अंतरानं.
शेवटचीला मी पाठ लावून पाहिली.
माझ्या कानाशी आली.

आईला यातलं काही बोलले नाही.
काल तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हाक मारू?
नको, म्हणाली. जिन्यात गार असतं.
तिचा कोट वर नेऊन दे.