प्रश्न अठरा

"न थांबता किती मीटर चालता येतं?"
काउन्सिलचा फॉर्म, पान सहा, प्रश्न अठरा.
क्लेमने लिहिलं: भरपूर.
मी हातातून पेन काढून घेतलं.

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
रात्री दोनला कॉडच्या पेट्या उतरवलेला माणूस.
त्याला म्हणा, तुमच्या वाईट दिवसाचं वर्णन करा,
तर तो हवामान सांगणार.
खरंच लिहिलं होतं त्याने:
मंगळवारी वारा होता. ईशान्येचा.

मग मी माझी टेप काढली,
शिवणकामाची, साठ इंची, टोकाला पितळी पट्टी.
अर्ध्या गावातल्या नवऱ्या मुलींच्या कमरा मोजल्यात तिने
आणि एकीचंही गुपित फोडलेलं नाही.
गल्ली उठायच्या आत
फाटकापासून रांगत मोजत गेले,
दर टेपेला फुटपाथवर खडूची एक रेघ.
दोघांत मिळून आता धड गुडघे दोनच,
ते माझ्याकडे आहेत.

"चल," म्हटलं, "रोजच्यासारखा."

तो निघाला.
सातव्या रेघेशी थांबला. ओकाफोरबाईंचे डेलिया.
बाराव्या रेघेशी बुटाची नाडी,
जी सुटली नव्हती.
सतराव्याशी पोस्टाच्या लाल पेटीवरचं वेळापत्रक,
ओठ हलवत, सावकाश,
जणू आजच लावलंय.
एकविसाव्याशी भिंतीवरचं मांजर.
तिथून पुढे नाही.
एकवीस रेघा म्हणजे बत्तीस मीटर.

हातात पेन्सिल, आणि मी तिथेच उभी.
दोन वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत होते,
धक्का सुटल्यापासून क्लेमला फुलांची गोडी लागलीय,
आणि मांजराचा तर काय लळा!
दोन वर्षं हा माणूस
त्या मांजराच्या पाठीवर हात ठेवून
श्वास गोळा करत होता,
आणि मी शेजारी पिशवी हलवत
म्हणत होते, चल ना, उशीर होतोय.

टेबलाशी बसून लिहिलं: बत्तीस मीटर, तीन थांबे.
"थांबल्यावर काय करता?" त्याखाली रेघा दोनच होत्या.
तो खांद्यावरून वाचत होता.
"मांजराचं लिहू नकोस," म्हणाला.
नाही लिहिलं.

फोटो काढायला गेलो तेव्हा
टाय लावून आला, लग्नातला.
मी सांगितलं, बिल्ल्यावर फोटो खालच्या बाजूला असतो,
काचेतून दिसतो नुसता निळा रंग
आणि ती चाकाची खुर्ची.
"माझ्याकडे खुर्ची कुठेय?"
"नाहीये रे. ते चित्र आहे."
"मग टायचं चित्र काढा म्हणावं."
बूथमधल्या पडद्यामागे बराच वेळ
फ्लॅशच उडाला नाही.
मी पडद्याखाली त्याचे बूट बघत राहिले.

बारा आठवडे लागतील म्हणाले.
ओकाफोरबाईंच्या नातीने, चिडिन्माने,
माझ्या रेघांमध्ये आकडे भरले
आणि ठिकरीचा डाव मांडला.
एका पायावर, एका दमात,
एकवीसच्या एकवीस,
आणि वळून परत.
क्लेम खिडकीतून मोजत होता.
"पोरगी चौदाव्यावर रेघेला शिवली," म्हणाला,
"पण मी काही बोललो नाही."

नंतर पाऊस झाला. खडू गेला.

काल औषधं आणायला निघालो
तर मध्येच कुठेतरी थांबला.
तिथे फूल नव्हतं, पेटी नव्हती,
मांजर तर पार पलीकडच्या छपरावर.
नाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"थांबलो," म्हणाला.

मी पिशवी जमिनीवर ठेवली.