तारामुंबरीच्या वाळूत दोन तंबू

फाल्गुन सरत आला तरी वारा हटत नाही.
वर पठारावर पवनचक्क्यांची पाती
रात्रभर कुणाशी तरी हुज्जत घालतात.
खाली पुळणीवर मी दोन तंबू ठोकलेत,
रत्नागिरीच्या क्लबाकडून उसने.
सोमवारी एक परत करायचा आहे.

पिवळा दीड किलोचा, मधोमध एकच काठी,
एका माणसाचा. कुशीवर वळलं की कापड गालाला लागतं.
विटकरी चार किलोच्या वर,
चार कमानी एकमेकींवरून गेलेल्या,
बूट काढायला, स्टोव्ह पेटवायला पुढे पडवी.
दोघांचा.

सावियोने अजून कळवलं नाही.

वैशाखात निघायचं. तेव्हा इथे
तळव्याखाली कातळ भाजत असेल,
आणि तिथे, बारा हजार फुटांवर,
दुपारी ओला पडतो तो बर्फ रात्री दगड होतो म्हणे.
म्हणे.
देवगडच्या शाखेत आंब्याची कर्जं लिहिणारी मी,
माझा बर्फ सरबतातला.

रुपाजी सारंग जाळं सांधायचं सोडून आला.
विकत घ्यायच्या होडीभोवती मारतात
तशी एक फेरी मारली.
पायाच्या अंगठ्याने खुंटी ढकलली. खुंटी आडवी.
“खिळे रेवेत ऱ्हवतत काय गो?”
एक पोतं वाळूने भरलं, पोटाशी दोरी आवळली,
खड्ड्यात आडवं पुरलं आणि वर उभा राहिला,
नांगर धरतो की नाही ते तळव्याने ऐकत.
पुस्तकातलं चित्र तेव्हा मला समजलं:
बर्फात खुंटी ठोकायची नाही, आडवी पुरायची.
“आणि दार दाखव नको वाऱ्याक,” तो म्हणाला,
“कुल्लो दाखव.”

संध्याकाळी वारा स्वतःच बघायला आला.
पिवळा लोळला, उठला, पुन्हा लोळला,
मग तासभर टाळ्या वाजवत राहिला.
अशात झोप कुठली?
विटकरी नुसता गुरगुरला.

“वारो झालो. आता भार.”

पहाटे हातगाडीवर, गोणपाटाखाली,
कारखान्यातून सहा पाट्या चुरा आला,
सुरमईसाठी फोडलेला.
फावड्याने तो टाकत राहिला, मी आत.
फिरायला आलेल्या कुणीतरी विचारलं,
मासे कुठे आहेत?

पिवळ्याचं छत तिसऱ्या पाटीला नाकाशी आलं.
बाहेरून बांगड्याचा वास,
आतून माझ्याच श्वासाचे थेंब.
इथे ते गळ्यात ओघळतात,
तिथे गोठतील आणि उजाडताना अंगावर झडतील.
काठी एकदा कण्हली. मी रांगत बाहेर.

विटकरीवर तिन्ही पाट्या गेल्या.
छत दबलं, थांबलं,
एका बाजूने चुरा सरकून वाळूत पडला.
आत बसता येत होतं, ताठ.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं
की मी डाव्या अंगाला सरकून बसलेय,
उजवीकडची जागा सोडून.

“बरफ म्हणजे बसलेला पाणी,” बाहेरून सारंग.
“बसाक दिलंस तर उठाचा नाय.
रातीक उठान झाडीत ऱ्हव.
दोगां असलात तर पाळी लावा.”

आणि एकटी असले तर?
हे मी विचारलं नाही.
त्यानेही फावडं धुवायला घेतलं होतं.

सोमवारी पिवळा घडी करून रत्नागिरीच्या एसटीत दिला.
विटकरी पाठीवर घेऊन घाटी चढले, उतरले,
पुन्हा चढले. तिसऱ्यांदा गुडघा बोलला.
चार किलो. त्यातले दोन कुणाचे,
ते अजून ठरायचंय.

विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतलाय.
आंगणात वाळत घातला की अजून
मांजर येऊन खाली बसतं.
वर, बर्फात, हा वास कुणाच्या ध्यानात यायचा नाही.
सावियोच्या येईल.
आला तर.