झाडाचा परकर

एर्मेलिंदबाय दुकानात आली,
म्हणाली, परकर शिवायचाय. झाडाला.
मी गळ्यातली टेप काढली. कंबर किती?
तिने दोन्ही हातांचा गोल केला: रंगाच्या डब्याएवढी.

तो डबा मी पाहिलाय, कुडतरीला, तिच्या बाल्कांवात.
गंजका, वाळू-विटांनी भरलेला,
त्यात सुरूची फांदी, जराशी मडगावकडे कललेली.
झाकायचं कशाला? म्हटलं.
दिसू दे की, कशावर उभी आहे ती.

"पावण्यांसमोर?"
मग थोडं थांबून,
"आणि सुया झडतात रे. सण सरला की
कडा धरून उचलायचं, विहिरीमागे झटकायचं.
केरसुणी घेऊन वाकणं आता होत नाही."

हे पटलं.

कापड म्हणून तिने पडदा आणला होता, कुवेतच्या खोलीतला,
एका अंगाने उन्हात विटलेला.
विटकी बाजू मी भिंतीकडे घेतली,
चुण्या घातल्या, नेफ्यात नाडी ओवली
आणि मागची शिवण, न विचारता, उघडी ठेवली.
फांदीला पाणी लागतं.

तिने फटीतून हात घालून पाहिला,
काही बोलली नाही, वीस रुपये जास्त ठेवले.

गाठ सैल मारा, मी मागून ओरडलो,
सहा जानेवारीला
तुम्हालाच सोडायचीय.