सहा अक्षरं

अकराला खानापूर रोडवरून फोन आला.
बसवर दगड. पुढची काच गेली,
कंडक्टरला लागलंय.
कोण होते? मी विचारलं.
अंधार होता हो, म्हणाला यल्लोजी.
मग इथं विचारायचं असतं ते विचारलं:
शिव्या कुठल्या भाषेत दिल्या?

तेही त्याला ठाऊक नव्हतं.
म्हणून मी 'समाजकंटक' लिहिलं.
हा शब्द टेबलावर पेपरवेटसारखा असतो,
कशावरही ठेवावा.

साडेअकराला परत फोन.
आपलीच पोरं निघाली.
मराठी फलकाला कुणी काळं फासलं होतं, त्यावरून.
मी 'समाजकंटक' खोडून 'संतप्त तरुण' केलं.
अक्षरं सहाच भरली,
मथळा हलवावा लागला नाही.
काच तीच, टाके नऊच.

खाली मशीन एकच.
आधी आमचा अंक, दोनच्या सुमारास कन्नड पेपर.
निंगाप्पा दोन्हींच्या प्लेटी चढवतो, दोन्ही वाचतो,
बोलत काही नाही.
त्या रात्री मात्र त्यानं ओलं पान वर धाडलं.
तीच पोरं, तिथं 'किडिगेडी'.
मला राग आला. खरंच आला.
बोटाला त्यांची शाई लागली ती पँटला पुसली,
आणि आठवलं, गेल्या नोव्हेंबरात
त्यांचे 'होराटगार' आमच्या पानावर 'गुंड' होते.
तो शब्द मी घाईत लिहिला नव्हता.
चहा पिऊन, सावकाश.

एकदा दोन्ही पेपरांचं एकमत झालं होतं, तेही आठवलं.
बांगडीवाल्या बागवानांचा इम्तियाज,
एसटी स्टँडवर, पिशवीत तारांचं भेंडोळं.
त्यांनी छापलं तेच आम्ही: 'अतिरेकी',
पुढं प्रश्नचिन्ह, बारीक टाइपात.
पोरगा वायरमन निघाला
तेव्हा पान सात, खाली,
पंचांगाच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये गेलो.
कंडक्टरच्या उशाशी दोन्ही पेपर, घडी घातलेले.
मी वही काढली. दगड कुणी मारला
याबद्दल तो काही सांगेल असं वाटलं होतं.
तो म्हणाला, साहेब, माझं आडनाव चुकलंय बगा.
तळवार. फकिराप्पा तळवार.
तुम्ही तलवार छापलंय.
डेपोत पोरं हसायलीत.

दुसऱ्या दिवशी चौकट दिली, दोन ओळींची,
शुद्धिपत्र म्हणून.
ल च्या जागी ळ.