खोका चौदा

प्राध्यापक वॉरन थर्लो आता
साडेअकरा फूट उरलेत.
आमच्याकडे माणूस असाच मोजतात,
शेल्फवर किती जागा अडवतो त्यावरून.

सीअर्सपोर्ट, मेन. तळघरात हीटर खोकतोय,
बाहेर खाडीवर बर्फाची साय धरलीय.
मी गंजलेल्या टाचण्या काढतेय, एकेक,
पायातला काटा काढावा तशा.

व्याख्यानांची टिपणं. छंदशास्त्रावरची भांडणं.
दातांच्या कवळीचं बिल, दोनदा भरलेलं.
कुणा विद्यार्थिनीसाठी लिहिलेलं,
कधीच न पाठवलेलं शिफारसपत्र.
आणि या खोक्यात, बिस्किटांच्या डब्यात,
पणजोबांची पत्रं. गलबतावरून. कायाओ, इकीके, पेनांग.

कॅप्टन ओबेद कागद जपून वापरायचा.
आधी आडवं लिहायचा, मग पान फिरवून
त्याच ओळींवरून उभं.
मासळीच्या जाळ्यासारखं पत्र;
वाचायचं तर मान वाकडी करायची
आणि जे सुटेल ते समुद्राचं म्हणायचं.

शुद्धलेखनाशी त्याचं वाकडंच.
इंग्रजीतला 'हवामान' आणि इंग्रजीतला 'की'
तो एकाच स्पेलिंगवर भागवतो.
म्हणजे तो बायकोला विचारतो:
'मूल जगलं हवामान गेलं, ते कळव.'

अशा प्रत्येक जागी लाल पेन्सिलीचं गोल.
वॉरन तेव्हा नुकता शिकवायला लागलेला, चोवीस वर्षांचा.
समासात: 'पुन्हा!' 'पुन्हा तेच!'
स्वतःच्या पणजोबांना त्याने
शंभरपैकी एकोणचाळीस गुण दिलेत.

मग दिवा जवळ ओढला तेव्हा दिसलं,
गोलं खोडरबराने घासलीत.
कागदाला लव आलीय तिथे.
शेजारी साध्या पेन्सिलीत, थरथरत्या हाताने,
'राहू दे.' 'हेही राहू दे.'

आणि त्या एका ओळीसमोर,
मे १९९६ अशी तारीख घालून, सवयीने:
'जगलं. माझे आजोबा ते.'

माझ्या भाषेत हवा म्हणजे वारा,
आणि हवा म्हणजे जो पाहिजे असतो तो.
हे डोरीनला सांगायला तोंड उघडलं,
पण ती सूप गरम करत होती.

रकान्यात भरलं: कौटुंबिक पत्रव्यवहार,
१८७४ ते १९९६.
डोरीन खांद्यावरून वाकली. शेवटचं साल चुकलं की काय?
म्हटलं, राहू दे.